एकाच्या मांडीखाली शहाणा, दुसऱ्याखाली अडेल: घोडा आणि स्वाराचं जमत नाही तेव्हा काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. घोडा तोच, मैदान तेच. एक स्वार बसला की घोडा सरळ चालतो, हलक्या टाचेवर दुडकी (हलकी धाव) धरतो, सैल लगामावर थांबतो. दुसरा बसायला आला की रिकिबीत पाय घालतानाच बाजूला सरकतो, फाटकापाशी अडतो, मान झटकतो, पागेकडे तोंड वळलं की ओढत पळतो. कडक बिट (तोंडातली लगामाची कडी) किंवा जेरबंद (मान खाली धरून ठेवणारा पट्टा) लावून चार दिवस भागतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग निकाल लागतो: यांचं जमत नाही.

पण "जमत नाही" म्हणून काय बिघडलं ते कळत नाही. घोडा आणि स्वाराचं जुळणं म्हणजे घोड्याला त्या माणसाचा अंदाज येणं. हा आता काय मागणार, ते दिलं की दाब सुटणार का, आणि याचं वजन पाठीवर आलं की दुखणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं रोज सारखी मिळाली की घोडा निर्धास्त चालतो. एकाचं जरी उत्तर रोज बदलत राहिलं तरी तो स्वतःला वाचवायला लागतो, आणि त्यालाच आपण खोड म्हणतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला ठेवा: आधी शरीर, मग खोगीर आणि बाकी सामान, मग वजन, मग इशारे, आणि स्वभाव सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला तर दुखणाऱ्या पाठीला शिस्त लावण्यात महिने जातात, आणि त्या काळात घोडा जे शिकतो ते पुसायला आणखी महिने लागतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बदल अचानक झाला असेल, घोडा मागच्या पायांवर उभा राहत असेल, पाठ कमानीसारखी करून उसळत असेल किंवा लंगडत असेल, तर पुढचं काहीही करू नका. स्वारी बंद करा आणि पशुवैद्याला बोलवा.

सात दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी आठवडाभर फक्त लिहा. कोण बसलं, किती वाजता, किती मिनिटं, कोणतं खोगीर, आदल्या दिवशी घोड्याला काम होतं की तो ठाणावरच उभा होता, शेवटची वैरण आणि चंदी (दाणा) कधी दिली. घोडा बिघडला ती नेमकी जागा, आणि त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत स्वाराने काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी लिहीत नाही: बिघडल्यावर लगेच घोड्याला काय मिळालं? लगाम सैल झाला? स्वार उतरला? घोडा पागेत परत गेला?

या वहीतून पुष्कळ वेळा स्वार निर्दोष सुटतो. दुसरा स्वार फक्त शनिवारी-रविवारी बसतो आणि घोडा त्याआधी पाच दिवस ठाणावर उभा असतो. किंवा तो पहाटे उपाशीपोटी घोडा काढतो आणि पहिला संध्याकाळी वैरणीनंतर. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो, आणि जठराच्या वरच्या भागाला त्यापासून पुरेसं संरक्षण नसतं. रिकाम्या पोटी दुडकी किंवा कँटर (दुडकीहून वेगवान धाव) केला की ते आम्ल वर उसळतं. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणारा, पोटाकडे वळून बघणारा, टाच लागताच कान पाडणारा घोडा अनेकदा पोटाचं दुखणं सांगत असतो. स्वारीआधी अर्धा तास किलोभर कोरडी वैरण द्या आणि आठवडाभर फरक बघा. फरक पडला तरी जठरातल्या जखमांची शंका पशुवैद्याकडून तपासून घ्या. वैरण हा आधार आहे, औषध नव्हे.

घोडी असेल तर वहीत तारखाही हव्यात. माज साधारण २१ दिवसांच्या चक्राने येतो आणि पाच-सात दिवस टिकतो. बिघाडाचे दिवस त्याच्याशी जुळत असतील तर स्वार बदलून काही मिळणार नाही.

अदलाबदलीची चाचणी

वहीतून कारण उघड झालं नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. दिवसाला दोनच फेऱ्या घ्या. थकलेला घोडा वेगळी उत्तरं देतो आणि मग कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा ते कळत नाही.

पहिली फेरी खोगिराशिवाय, लांब दोरीवर वर्तुळात फिरवून, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं. दुसरी नुसतं खोगीर चढवून, रिकिबी वर बांधून. तिसऱ्या फेरीत चांगला स्वार, म्हणजे ज्याच्याखाली घोडा नीट चालतो तो, दुसऱ्याच्या खोगिरावर बसतो. चौथ्या फेरीत दुसरा स्वार चांगल्याच्या खोगिरावर. पाचव्या फेरीत दुसरा स्वार एखाद्या शांत, मुरलेल्या घोड्यावर बसतो आणि चांगला स्वार खालून बघतो.

खोगिराशिवायही घोडा एका बाजूला आखडत असेल तर प्रश्न शरीराचा. नुसतं खोगीर चढताच पाऊल आखूड झालं तर खोगिराचा. चांगल्या स्वाराखालीही दुसऱ्याच्या खोगिरावर बिघडला तर पुन्हा खोगीरच. दुसऱ्या स्वाराखाली घोडा चौथ्या फेरीत चालतो आणि त्या स्वाराच्या स्वतःच्या खोगिरावर अडतो, तर दुसऱ्या स्वाराने ते खोगीर आजच बाजूला ठेवावं. मुरलेला घोडासुद्धा पाचव्या फेरीत मान वर करून तोंड उघडत असेल तर हात आणि मांड (खोगिरावरची बैठक) तपासायची वेळ झाली. आणि मुरलेला घोडा मजेत चालला तर हे दोघे एकमेकांना वाचायला कुठे चुकतात ते शोधायचं.

इथे एक फसवी जागा आहे. चांगला स्वार दुखणं झाकू शकतो. तो नकळत वजन हलवतो, दुखऱ्या बाजूचं वळण मोठं घेतो, नको तिथे बसून राहत नाही. म्हणून "त्याच्याखाली तर नीट चालतो, मग दुखतंय कसलं" हा युक्तिवाद धरू नका. दुसऱ्याखाली तेच दुखणं फक्त उघडं पडतं.

शरीर

विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, शरीराचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. तुमच्या घोड्याचे आकडे सलग पाच सकाळी घेऊन ठेवा. पुढे शंका आली की तुलना त्यांच्याशीच करायची.

पाठ हाताने बघा. मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा आहे त्याच्या मागून सुरुवात करा, कण्यापासून चार बोटं बाजूला, बोटांच्या पेरांनी सावकाश दाबत कमरेपर्यंत जा. नखं किंवा टोकं लावू नका, टोचलं की निरोगी घोडाही दचकतो. एखाद्या ठिकाणी पाठ खाली दबते, कान मागे जातो, कातडी थरथरते, तर तिथे खूण करा आणि दुसऱ्या बाजूची तीच जागा बघा. सलग तीन दिवस, स्वारीच्या आधी आणि नंतर. स्वारीनंतर प्रतिसाद वाढत असेल तर दुखणं खोगिराखाली किंवा स्वाराखाली तयार होतंय.

दातांकडे फार कमी लक्ष जातं. घोड्याचा दात वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर सरकत राहतो आणि चावण्याने झिजतो. झीज असमान झाली की गालाकडे धारदार कडा येतात. बिटाच्या आणि नाकपट्टीच्या दाबाने गाल त्या कडांवर घासला जातो. हलक्या हाताचा स्वार त्या जागेला धक्का लावत नाही, जड हाताचा लावतो. एकाखाली शांत आणि दुसऱ्याखाली मान झटकणारा घोडा म्हणजे पुष्कळदा हेच. वर्षातून एकदा दात दाखवा, तरुण आणि म्हाताऱ्या घोड्यांचे सहा महिन्यांनी. दाढांच्या पुढे येणारा छोटा लांडगेदात बिटाजवळ असेल तर त्याबद्दलही विचारा.

नालबंदाची फेरी सहा आठवड्यांपलीकडे गेली की खुराचं पुढचं टोक लांबतं, पाऊल उशिरा उलटतं आणि घोडा ठेचाळतो. हा दोष सगळ्यांखालीच असतो, पुढे झुकून बसणाऱ्याखाली लवकर दिसतो.

स्वारीतलं दुखणं ओळखण्यासाठी पशुवैद्य स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये २४ लक्षणांची यादी मांडली. कान पाच सेकंदांहून जास्त वेळ मागे राहणं, तोंड दहा सेकंद किंवा अधिक उघडंमिट होत राहणं, बिट एका बाजूला ओढलं जाणं, शेपूट दाबून धरणं किंवा जोराने आपटणं, टक लावलेली ताठ नजर, मागच्या पायाची टाप घासणं, वारंवार चुकीच्या पायावर कँटर धरणं ही त्यातली काही. २४ पैकी आठ किंवा अधिक दिसली तर हाडं आणि स्नायूंच्या दुखण्याची शक्यता मोठी मानली जाते. कुणाला तरी दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, चालण्यापासून कँटरपर्यंत, आणि घरी शांतपणे बसून मोजा. खोगिरावरून यातलं निम्मंही दिसत नाही.

खोगीर, आणि ते एकाखालीच का बोचतं

खोगीर घोड्याला बसतं की नाही हे लोक बघतात. ते स्वाराला बसतं की नाही हे बघायचं राहून जातं, आणि एकाखाली शहाणा, दुसऱ्याखाली अडेल या कोड्याचं उत्तर फार वेळा इथेच सापडतं.

बैठक लहान आणि स्वाराची मांडी लांब असेल तर त्याचं बूड मागच्या कडेवर जातं. खोगिराच्या मागच्या टोकाला दाब एकवटतो आणि ते टोक घोड्याच्या कमरेत रुततं. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. वजन पेलायची जागा अठराव्या बरगडीपर्यंतच आहे, त्यापलीकडे कमरेच्या मणक्यांना खालून आधार नाही. शेवटची बरगडी बोटांनी शोधा, तिच्या रेषेने सरळ वर जा, केसांवर खडूने रेघ ओढा. खोगिराची गादी त्या रेघेच्या पुढेच संपली पाहिजे. रिकामं खोगीर रेघेच्या आत आणि स्वार बसल्यावर बाहेर, तर तुमचं अर्धं काम झालं.

बाकीची मापंही स्वार बसलेला असताना घ्या. मानेच्या उंचवट्यावर दोन ते तीन बोटं उभी शिरली पाहिजेत. दोन गाद्यांमधली कण्याची वाट सगळीकडे तीन-चार बोटं रुंद हवी. खोगिराचा सांगाडा खांद्याच्या पात्याच्या मागे बसावा. पुढचा पाय वर धरून पुढे ओढल्यावर पातं किती मागे येतं ते बघा, तेवढी जागा मोकळी हवी. लोक खोगीर पुढे सरकवून बसवतात आणि मग घोडा लांब पाऊल टाकत नाही म्हणून टाच वाढवतात.

स्वारीनंतर नमदा (खोगिराखाली घालायचं जाड कापड) उलटा करून घामाचा नकाशा बघा. सगळीकडे ओल आणि एखाददुसरा कोरडा डाग असेल तर तिथे एक तर दाब फार आहे किंवा गादी टेकतच नाही. बोटांनी दाबून कोणतं ते ठरवा. मोठ्या घोड्याच्या पाठीवर त्या जागी पांढरे केस आले असतील तर ते खोगीर आधीही बोचलेलं आहे. जाड नमदा घालून अरुंद खोगीर सैल होत नाही, आणखी घट्ट होतं.

खोगीर सतत एकाच बाजूला घसरत असेल तर स्वाराला वाकडं म्हणण्याआधी घोड्याचे मागचे पाय तपासून घ्या. मागच्या पायाचं सूक्ष्म लंगडेपण असलं की खोगीर घसरतं, आणि उघड्या डोळ्याला ते लंगडणं दिसतही नाही. दोन स्वारांखाली एकाच बाजूला घसरत असेल तर शंका घोड्यावर, एकाखालीच असेल तर स्वारावर.

रिकिबीचे पट्टे महिन्याला डावे-उजवे बदला. रोज डावीकडून चढल्याने डावा पट्टा ताणून लांब होतो. भोकं मोजून सारखी लावली तरी स्वार एका बाजूला बसतो. चढायला चौथरा वापरा. जमिनीवरून चढताना खोगीर मानेच्या उंचवट्यावर आडवं ओढलं जातं, आणि स्वार जड किंवा बुटका असेल तर जास्तच. तंग एकदम आवळू नका. आधी हलका, दहा पावलं चालवून पुन्हा, चढण्याआधी शेवटचा. दोन बोटं सपाट जातील इतका. नाकपट्टीखालीही, नाकाच्या हाडावर, दोन बोटं गेलीच पाहिजेत.

बिट दोन्ही बाजूंना ओठांच्या कोपऱ्यातून साधारण अर्धा सेंटीमीटर बाहेर असावं. मान झटकणाऱ्या घोड्याला आणखी कडक बिट देणं हा इथला सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. तीन दिवस घोडा गप्प बसतो, कारण हलायची त्याला भीती वाटते. मग त्या दाबाचीही सवय होते आणि पुढचं बिट आणखी कडक लागतं.

वजन

स्वार, खोगीर, कपडे, सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के ही वाजवी मर्यादा आहे. ४०० किलोच्या घोड्याला २० टक्के म्हणजे ८०. खोगीर आणि सामान दहा किलोचं असेल तर स्वाराला उरतात ७०. घोडा म्हातारा, लठ्ठ किंवा बिनसरावाचा असेल तर १५ टक्केच धरा. आणि हा आकडा उभ्या घोड्याचा आहे. बसून केलेल्या दुडकीत प्रत्येक पावलाला पाठीवर येणारा जोर स्वाराच्या वजनाच्या सुमारे दुपटीपर्यंत जातो. तोल सांभाळणारा ७० किलोचा स्वार आणि प्रत्येक पावलाला आपटणारा ६० किलोचा स्वार यांत घोडा पहिलाच निवडेल.

इशारे: गोंधळ इथे तयार होतो

शरीर आणि खोगीर साफ निघालं तर जोडीचा खरा प्रश्न सुरू होतो. घोडा माणसाचं शरीर किती बारीक वाचतो याचा अंदाज स्वाराला नसतो. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असं मानलं जाई. टाप आपटत तो बरोबर आकड्यावर थांबायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नसे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित वर उचललं जायचं, त्याच्या नकळत, आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट मोजली. स्वारांना सांगितलं, या फेरीत पुढे छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी स्वाराच्या नाडीबरोबर घोड्याचीही नाडी वाढली. म्हणजे "इथे हा दरवेळी बुजतो" असं मनात म्हणत त्या कोपऱ्याकडे जाणारा स्वार लगाम आखडतो, मांड्या आवळतो, श्वास धरतो, आणि घोड्याला तिथे बुजायचं कारण मिळतं.

त्या कोपऱ्यासाठी धीर धरा असं सांगून काही होत नाही, शरीराला काम द्यावं लागतं. चालीत चार पावलांना श्वास आत, सहा पावलांना बाहेर. मोठ्याने मोजा. मोजत बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही. कोपऱ्याकडे बघू नका, त्यापलीकडच्या खांबाकडे बघा. आणि कोपऱ्यापर्यंत न जाता जिथे घोड्याचे कान पुढे वळतात तिथेच, ताण येण्याआधी, वळसा घेऊन परत या. दुसऱ्या दिवशी तीन मीटर पुढे.

मग वेळ. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. बरोबर हालचाल आणि सुटका यांत सेकंदभराहून जास्त अंतर पडलं की त्याला दोन्हींचा संबंध लागत नाही. एक स्वार घोडा थांबायला लागताच बोटं उघडतो. दुसरा घोडा पूर्ण उभा राहिल्यावर आणखी तीन सेकंद लगाम धरून ठेवतो, खात्री म्हणून. त्याच्या घोड्याच्या दृष्टीने थांबण्याचं काही फळच नाही, म्हणून तो पुढच्या वेळी उशिरा थांबतो, स्वार आणखी ओढतो, आणि "याचं तोंड कडक आहे" असं ठरतं. त्याहून वाईट म्हणजे टाच आणि लगाम एकदम. पुढे हो आणि थांब, दोन्ही. पडायच्या भीतीने पायांनी आवळणारे आणि हातांनी धरणारे स्वार हे दिवसभर करतात.

हात तपासायची सोपी पद्धत: लगाम एखाद्या माणसाच्या हाती द्या, तो घोड्याच्या तोंडाच्या जागी. स्वार स्टुलावर बसून दुसरं टोक धरतो. समोरचा डोळे मिटून हात चालीसारखे पुढे-मागे करतो आणि स्वाराने तोच हलका ताण राखायचा. ताण तुटला, धक्का बसला, की समोरचा "धक्का" म्हणतो. दोन मिनिटांत धक्के मोजा. दहा दिवस रोज केलं की हात बदलतो, आणि शिकताना घोड्याचं तोंड सोलवटत नाही.

वाकडी मांड तपासायला दोन वजनकाटे शेजारी ठेवा, एकेका काट्यावर एकेक पाय, समोर बघत सरळ उभे राहा आणि दुसऱ्याला आकडे वाचू द्या. नेहमी एकाच बाजूला जास्त येत असेल तर घोड्यावरही तसंच. मग शर्टाच्या पाठीवर मधोमध उभी पट्टी चिकटवून मागून व्हिडिओ घ्या. खांदा खाली, कंबर मोडलेली, एक रिकीब हलणारी, सगळं दिसतं. त्या घोड्याचं एका बाजूचं वळण वाईट असण्याचं कारणही बहुधा तिथेच दिसेल.

दुरुस्तीचं काम असं करा. पहिला आठवडा जमिनीवर, मोरकीवर (बिट नसलेल्या तोंडाच्या दोरीवर): दोरीला हलका दाब, घोड्याने एक पाऊल मागे घेतलं की तत्क्षणी सैल. पाच वेळा, मग पुढे चालणं पाच वेळा, बस. दुसऱ्या आठवड्यात लांब दोरीवर स्वारी. दोरी चांगल्या स्वाराच्या हाती, दुसऱ्याच्या हाती लगामच नाही, एक हात खोगिराच्या पुढच्या कडेवर. पंधरा मिनिटं चाल आणि थोडी दुडकी. लगामाचा आधार काढला की मांड शिकायलाच लागते. तिसऱ्या आठवड्यात लगाम, फक्त चाल. इशाऱ्यांचा क्रम एकच: आधी श्वास सोडून बसणं, मग बोटं मिटणं, मग दाब वाढवणं, थांबताच बोटं उघडणं. थांबायला किती पावलं लागली ते लिहा. आठवरून दोनवर आली की दुडकी सुरू करा.

आणि दोन्ही स्वारांनी एक कागद बनवावा: चालायला काय, थांबायला काय, दुडकीला काय, कोणता शब्द. एकजण "हो" म्हणून थांबवतो आणि दुसरा "हो" म्हणत पाठ थोपटतो, असलं पुष्कळ सापडेल.

वारंवार येणाऱ्या दोन खोडी

फाटकापाशी अडणं हे शिकवलेलं असतं, आपणच. काम तिथे संपतं, तंग तिथे सुटतो, चंदी त्या बाजूला असते. म्हणून फाटकाजवळ काम द्या, छोटी वर्तुळं, चाल-दुडकी-चाल, आणि विश्रांती मैदानाच्या दूरच्या टोकाला. उतरणंही तिथेच, तंग तिथेच सैल करायचा आणि घोडा हातात धरून परत आणायचा, रोज वेगळ्या जागेवरून. दहा-बारा दिवसांत फाटकाची ओढ कमी व्हायला लागते. एकदा जरी अडल्यावर उतरून पागेत नेलं तर मागे जाल, आणि हे दोन्ही स्वारांनी पाळायला हवं.

चढताना सरकणं: पाठ आणि खोगीर साफ असेल तर चौथऱ्याशी उभं राहण्याचे तुकडे करा. घोडा आणून उभा करा, तीन सेकंद, खांद्याजवळ खाजवा, न्या. मग चौथऱ्यावर चढा, उतरा. मग रिकिबीवर हात. मग पाय. मग पोटावर आडवं होऊन वजन. मग बसा, आणि बसल्यावर दहा सेकंद काहीच करू नका. बसताच टाच देणारे स्वार घोड्याला स्वतःच शिकवतात की चढणं म्हणजे निघणं. घोडा सरकला की ओरडू नका, मागच्या पायरीवर जा.

जमिनीवरचा वेळ

ज्या स्वाराशी घोड्याचं जमत नाही तो बहुतेकदा तयार घोड्यावर बसतो आणि उतरून निघून जातो. खरारा (अंग घासून साफ करणं), खूर साफ करणं, पाणी, सगळं मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) करतो. त्या स्वाराने चौदा दिवस रोज वीस मिनिटं स्वतः खरारा करावा, त्यातले निम्मे दिवस बसायचंच नाही. जवळ येताना खांद्याकडून या. कपाळाच्या थेट पुढे आणि शेपटीच्या थेट मागे घोड्याला दिसत नाही. थापट्या मारू नका, मानेच्या उंचवट्याजवळ बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्याने नाडीचे ठोके कमी होतात हे १९९३ साली मोजून दाखवलं गेलं आहे. वरचा ओठ लांबला, डोळा निम्मा मिटला, मान खाली आली, की जागा बरोबर सापडली. हातातून सतत खाऊ देणं टाळा. त्याने घोडा खिशाकडे ओढला जातो, माणसाकडे नव्हे.

कधी थांबायचं

सहा आठवडे प्रामाणिक नोंद ठेवून बिघाडाची संख्या उतरत नसेल तर जोडी बदला. काही घोडे पायाच्या हलक्या स्पर्शानेही पेटतात, आणि ज्याचा पाय स्थिर व्हायला अजून वर्ष लागेल अशा स्वाराखाली ते रोज घाबरत राहतात. काही घोड्यांची दुडकी इतकी उसळती असते की कडक कंबरेच्या स्वाराला ती झेपतच नाही, आणि तो लगामाला लटकतो. त्या स्वाराला आखूड चालीचा, थोडा सुस्त घोडा द्या. त्या घोड्याला मऊ बसणारा स्वार द्या.

नवा स्वार आला की पहिले तीन दिवस जुन्याने सुरुवात करायची आणि शेवटची दहा मिनिटं नव्याने बसायचं, खोगीर न बदलता, फक्त चालीवर. चौथ्या दिवसापासून उलट: नवा आधी, जुना शेवटी. इशाऱ्यांचा कागद खोगिराच्या खुंटीवरच अडकवून ठेवा.